देवी उठवील तेव्हा उठा

अन्याय झाला तो माझ्या सदूकाकावर. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, चैत्र पौर्णिमेच्या सकाळी. धाप लागलेल्या माणसाला महाडच्या एका दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं. खाट नव्हती, तेही समजू शकते. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हातात सूचनांचा कागद दिला तो इंग्रजी.

मी पत्रकं वाटणारी, देवळापेक्षा मोर्चात रमणारी. घरी येताच कागदाचा फोटो काढला आणि चार शिव्यांसकट वाडीच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळात अनोळखी बाईंचा फोन आला. "मी डॉक्टर नाही, मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयाला कुलूप आहे, म्हणून घरूनच लोकांना माहिती शोधून देते. तुमचा फोटो फिरत फिरत आला. आमच्या डॉक्टरांना विचारलंय. खाट मी शोधते, तोवर काकांना पालथं झोपवा. श्वासाला बरं पडेल."

काका ऐकेनात. "पालथा काय झोपू गो? मी काय रांगतं पोर हाय?"

मी फुप्फुसांवर भाषण सुरू केलं.

"तुझं पत्रक नको वाचू," काका धापा टाकत म्हणाले.

फोन स्पीकरवर होता, बाई हे सगळं ऐकत होत्या. "मागे ढोल कसला वाजतोय?"

"आज देवीची जत्रा. यंदा बंद आहे. गुरव एकटाच वाजवतोय."

"मग काका, तुमचं लोटांगण राहिलंच की. घरातूनच घाला. आणि देवी उठवील तेव्हाच उठा."

काका निमूट देवळाच्या दिशेला हात जोडून आडवे झाले. जरा वेळाने पुटपुटले, "बाय, देवी इसरली तर?"

"मी फोन करून आठवण करते तिला."

वाडीवरच्या आरोग्यसेविका, आशाताई, आल्या; त्यांनी बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा हळूहळू चढत गेला. संध्याकाळी बाईंनी दुसऱ्या गावात खाटही मिळवून दिली. काका परतले, आणि आता दर जत्रेला देवीपुढे आडवे झाले की मलाच विचारतात, "उठू का गो?"

ढोल नेमका तेव्हाच का वाजला, मला ठाऊक नाही. डोकं टेकणं म्हणजे हार, असं मी लिहीत आले होते. त्या दुपारी काकांची पाठ शांतपणे वरखाली होताना पाहिली आणि माझेही हात जुळले. जिथे आपलं भाषण संपतं तिथे कुणीतरी ऐकत असतं, एवढं मला कळलं. पुढे बाईंनी मराठी पत्रक केलं, 'लोटांगण घालता तसे झोपा', आणि मी ते एमआयडीसीच्या पाळीच्या बसमध्ये वाटलं.

म्हणून तुम्हाला सांगते. दवाखान्यात न कळणारा कागद हातात दिला, तर तो घेऊन मुकाट्याने घरी येऊ नका. माझ्या भाषेत सांगा म्हणा, आणि सांगेपर्यंत दारातच बसा. लोटांगण देवीपुढे घाला, त्या कागदापुढे नको.