पडद्यावरची मराठी

आमची मराठी उपासना हैदराबादेत, काचीगुड्यातल्या एका तेलुगू चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी भरते. सकाळी त्यांची, मग जेवणाची वेळ, मग आमची. हॉल त्यांचा, पंखे त्यांचे, किल्ली त्यांच्या वॉचमनकडे. आमचं म्हणावं असं तिथं एक प्रोजेक्टर, एक गुंडाळीचा पडदा आणि जुन्या गीतपुस्तकांचं एक खोकं. ह्या वस्तूंची, आणि कुठल्या रविवारी कोणी काय करायचं ह्याची, जबाबदारी माझी.

पडद्यावर गीतं इंग्रजी अक्षरांत येतात. भाषा मराठीच, अक्षरं इंग्रजी. आमची तरुण मंडळी इथल्या शाळांत शिकली. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचायला दिलं की घाम फुटतो. म्हणून आयटीतल्या एका बंधूंनी सगळी गीतं टाइप करून दिली. आमच्यात एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत, सगळे त्यांना गार्डमामा म्हणतात. ते ह्या प्रकाराला 'एबीसीडी मराठी' म्हणतात आणि पडदा खाली आला की मुद्दाम डोळे मिटून बसतात.

गाणी घ्यायची ती कुकटपल्लीची एक सून. आवाज गोड, वेळेवर हजर, सांगितलेलं विसरत नसे. मला अशी माणसं आवडतात. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, कारण प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की तिच्या सासूबाई पहिल्या रांगेतून उभ्या राहून दर रविवारी एकच सांगायच्या, "आमच्या घरात पाळणा हलावा." तेव्हा ती चार पावलांवर माइकपाशी उभी असायची.

तिनं पुढे उभं राहणं सासूबाईंना पसंत नव्हतं. "पुढे मिरवायला देवानं हिला दिलंय काय?" असं त्या मला चहाच्या वेळी, तिच्यादेखत म्हणाल्या होत्या. पाळकसाहेबांनी शब्द टाकला म्हणून ती टिकली होती. बाकीचा आठवडा नोकरी, स्वयंपाक आणि दवाखाने. तिचं स्वतःचं असं जे काही होतं ते माइकपुढच्या त्या तासात होतं. तो तास कधीही जाऊ शकतो, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तिचं एक आवडतं गीत होतं. त्याच्या धृपदात देवाकडे मागणं आहे, रिकाम्या हातांना बळ दे. मी यादी करायला बसले की तिचा फोन यायचा, "काकू, ह्या वेळी माझं घेऊ या ना." ते म्हणताना ती डोळे मिटायची. कीबोर्ड आणि ढोलक जोरात असायचं. सगळ्यांना वाटायचं, मनापासून गाते.

त्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी होते. पहिलं गीत झालं आणि पंखे मंदावले. माइक गेला, कीबोर्ड गेला, पडद्यावरचे शब्द गेले.

"करंट पोयिंदम्मा," वॉचमन दारातून म्हणाला. करंट गेला, हे मलाही दिसत होतं.

"इन्व्हर्टर?"

"बॅटरी में पानीच नै, अम्मा."

मी खोकं उघडून पुस्तकं वाटली. वडील मंडळींनी चष्मे काढले, पानं लावली, चेहरे खुलले. तरुणांनी पुस्तकं घेतली आणि आदबीनं परत केली. मोबाइलवर गीत शोधावं तर त्या दगडी हॉलमध्ये रेंज येत नाही. गार्डमामांनी डोळे उघडले होते. "आता बोलवा तुमच्या एबीसीडीला," ते म्हणाले.

ती माझ्या कानाशी आली. "काकू, मला माझं पाठ आहे. घेऊ?"

"घे," मी म्हटलं. दुसरं काही सुचवण्यासारखं नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. माइक नाही, वाद्यं नाहीत, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. तिचा आवाज पहिल्यांदाच असा उघडा ऐकू येत होता. वडील मंडळी ओळींवर बोट ठेवून मागे म्हणत होती. धृपद आलं. चाल नेमकी त्या एका शब्दावर लांबते. बोटं थांबली. एकेक मान वर झाली.

"थांब, थांब," गार्डमामा म्हणाले. "काय दे?"

तिनं डोळे उघडले. "बाळ दे."

"पुस्तकात बळ आहे, बाई. बळ! ताकद!"

पडद्यावर बी, ए, एल एवढंच यायचं. ती ते बाळ वाचत आली होती. रिकाम्या हातांना बाळ दे.

आधी मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग गार्डमामांना रंग चढला. "म्हणजे इतके दिवस आम्ही म्हातारे पण हिच्यामागं हेच मागत होतो की काय? अरे, मलाच झालं असतं म्हणजे?"

हॉलमध्ये हशा पिकला. बायकांच्या रांगेत पदर तोंडाला गेले. "हौ, दवाखान्याचा पत्ता पण गाण्यात घाल म्हणावं," एक बाई शेजारणीला म्हणाली. करंट नव्हता, सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

सासूबाई हसल्या नाहीत. उठल्या, आपलं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "वाच. सगळ्यांसमोर."

"रि... का... म्या," ती अक्षरं लावू लागली. पहिलीतल्या मुलासारखी. कोणी मदत केली नाही. त्या शब्दापाशी ती थांबली. "ब. ळ."

"काना आहे त्यात?"

"नाही."

"नाही ना? मग जे नाहीच ते आणतेस कुठून? बस खाली आता."

ती बसली. पुस्तक तिच्या मांडीवर उघडंच होतं. मी गार्डमामांना पुढचं गीत घ्यायला सांगितलं. त्यांनी जुन्या पद्धतीनं एकेक ओळ आधी बोलून दाखवली, मंडळी मागे म्हणाली. हॉल भरून गेला. इतकी चांगली उपासना बऱ्याच दिवसांत झाली नाही, असं लोक जाताना मला म्हणाले.

मी एक्स्टेंशनची वायर गुंडाळत होते तेव्हा ती जवळ आली. सासूबाई बाहेर ऑटो ठरवत होत्या.

"काकू, रिकाम्या हातांना बळ कशाला लागतं?"

"अगं, काम करायला," मी म्हटलं.

तिनं ह्यावर खरोखर विचार केला, मग मान हलवली आणि चपला घालून गेली.

पाळकसाहेब परत आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना गाठलं. "थोडे रविवार जाऊ देत," ते म्हणाले. ते रविवार अजून जाताहेत. गाणी आता गार्डमामा घेतात. पडद्यावर इंग्रजी अक्षरांखाली देवनागरीही येते. मी ती पुस्तकाशी ताडून घेतली आहे, चूक नाही. ते गीत यादीत आहेच, मंडळीला आवडतं. फक्त त्याचं नाव पडलंय. "आज बाळाचं नाही का?" असं विचारतात, तिच्यासमोर विचारतात.

ती सासूबाईंच्या शेजारी बसते. धृपद आलं की पडद्याकडे कोणी बघत नाही, सगळे तिच्या तोंडाकडे बघतात. मीही बघते. आवाज काढत नाही ती. नुसते ओठ हलवते, आणि त्या शब्दाला तोंड मोठं उघडते. बळ म्हणायला तोंड एवढं उघडावं लागत नाही.