मनगटीचा मणी आणि दोन मशिनी

बायाहो, माह्या लेकाले पोरगी झाली. गोरी हाय, नाक माह्यावर गेलं. त्या आनंदात मी आज येडपणा करून बसली.

माह्या मायचे सोन्याचे दोन मणी होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. नातीच्या काळ्या मण्यांच्या दोन मनगट्यांत ओवायचे होते. मागं आंगण झाडता झाडता एक केरासंगं उकिरड्यात गेला.

जावयानं मोबाईलवरून धातू शोधायची मशीन मागवली. दीर म्हणे, "हे खेळणं हाय." त्यायनं संग्रामपूरहून दोस्ताची मोठी मशीन आणली.

लहान मशीन खिळ्यावर वाजे, बाटलीच्या झाकणावर वाजे. मोठी माह्या पायाशीच कोकले.

"वहिनी, जोडवी काढा."

"काऊन काढू? तुमचा भाऊ जित्ता हाय अजून."

मंग मले वाटलं, कोनती मशीन खरी ते तं पाहू. दुसरा मणी मीच गुपचूप उकिरड्यात पुरला, वर काडी खोचली. जागा सांगितली तं परीक्षा कायची?

दोन्ही मशिनी मुक्या राह्यल्या. मी काढाले गेली तं दिरानं सारं उकरून ठेवलेलं, काडीही उपटून फेकलेली. दिवसभर खत चाळलं. दोन्ही मणी गेले.

बारशाले चार दिवस उरले. सून माहेराहून, शेगावहून, विचारते, "आई, मणी भेटला का?" मी म्हटलं, "माही नातबाई झोपली का?"

एवढा बारीक मणी मशिनीनं कोनाले सापडला असन तं सांगजा. नसन सापडला तं तेही सांगजा. म्हणजे उद्या नुसते काळे मणी ओवाले बसते.