मनकर्णाबाईची धार

अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मनकर्णाबाई तेरा वर्षांपासून पळी चालवत होती. दुपारी कर्मचाऱ्यांची पंगत बसली की झुणका असो नाहीतर वांग्याची भाजी, वरून कच्च्या तेलाची धार सोडल्याशिवाय तिला ते जेवणच वाटायचं नाही. कुणी ताटावर हात आडवा धरला, तर ही बोटांच्या फटीतून सोडायची. हात धरायची जेवणाऱ्याची रीत आणि तरी वाढायची वाढणाऱ्याची, एवढं तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं.

रोग्यांत तिला सगळ्यात वाईट वाटायचं ते स्वादुपिंडाला सूज आलेल्यांचं. पोटातून थेट पाठीत जाणारी कळ, आणि वर चार-पाच दिवस सलाईनवर उपाशी. तिची जेवणाची गाडी खाटेजवळून गेली की त्यांची नजर ताटांमागे फिरायची आणि हिचा जीव कासावीस व्हायचा. त्यामुळे अकोल्याच्या तरुण डॉक्टर प्रियदर्शनी तायडे यांनी या आजारावर संशोधन सुरू केलं, तेव्हा दवाखान्यात सगळ्यात जास्त आनंद मनकर्णाबाईला झाला. निम्म्या रोग्यांना जुन्या पद्धतीनं उपाशी ठेवायचं, निम्म्यांना भूक लागताच मऊ वरणभात द्यायचा, आणि लवकर बरं कोण होतं ते पाहायचं. एका जेवणात तेल फक्त पाच मिली. ताटात जाईल ते कागदावर लिहायचं.

"लोकं जेवून बरे होतीन म्याडम, मी आजच लिवून देतो," मनकर्णाबाई म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात नत्थुजी आले, तेही तिच्या माहेरचे, नांदगाव खंडेश्वरचे. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस, पण पित्ताचा खडा नळीत अडकला आणि स्वादुपिंड सुजलं. गावात मात्र 'दारूचं दुखणं' म्हणून बोभाटा झालेला. रक्ताच्या तपासणीत आणि सोनोग्राफीत सगळं स्पष्ट झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना संशोधनाचा कागद वाचून दाखवला. "काका, कधीही नको म्हणा. नको म्हटलं की आम्ही तिथंच थांबू."

गाडी घेऊन उभ्या असलेल्या मनकर्णाबाईला हसू आलं. नको म्हटल्यावर थांबायचं तर माणूस जेवायचा कसा?

नत्थुजी जेवणाऱ्यांच्या गटात आले. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं. पिवळा, कोरडा भात. माहेरचा माणूस, आणि त्याला असं वाढायचं? तिनं स्वतःच्या डब्याजवळची जवसाच्या तेलाची बाटली आणली आणि पळीत ओतली. नत्थुजींनी दोन्ही हात ताटावर धरले. "नोको व बाई." बाईनं पळी तिरपी केली. संध्याकाळी नत्थुजी पोट धरून वाकले.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं तर नत्थुजी म्हणाले, "वरतून काहीच नाही खाल्लं जी." गावचा भाऊ गावच्या लेकीला सांभाळून घेत होता. डॉक्टर हिरमुसल्या. "म्हणजे लवकर दिलेलं जेवण यांना सोसलं नाही, असंच लिहावं लागेल."

गाडीजवळ उभ्या मनकर्णाबाईनं ते ऐकलं. नोकरी कंत्राटी होती, तोंड मिटून बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ती ओळ कागदावर गेली तर खाटेखाटेवरचे ते उपाशी डोळे तसेच राहणार होते, आणि तेही तिच्या एका पळीपायी.

"लिवू नका म्याडम," ती म्हणाली. "जेवणानं नाही दुखलं. माह्या हातानं दुखलं. म्या तेल सोडलं."

"किती?"

"धार."

"धार म्हणजे किती?"

डॉक्टरांनी मोजायचा ग्लास पुढे केला. मनकर्णाबाईनं त्याच पळीनं, त्याच मनगटानं धार सोडली. तीस मिली.

"सहा माणसांचं तेल एका माणसाला!" डॉक्टर खरोखर चिडल्या होत्या. "त्यांनी हात नाही धरला?"

"धरला होता. हात तं सारेच धरतात म्याडम."

"दुखलं त्यांना, मावशी. तुम्हाला नाही."

डॉक्टरांनी तिच्यासमोरच लिहिलं: तेल तीस मिली, रोग्याचा नकार असताना. मनकर्णाबाईनं खाली सही केली. तिला मनापासून लाज वाटली. ती तशीच नत्थुजींच्या खाटेशी गेली. "भाऊ, चुकलं माह्यं."

"म्या खरंच नोको म्हटलं होतं व बाई."

"मंग बोंबलाचं होतं न जोरानं!" ती डोळे पुसत म्हणाली, आणि त्या दुखण्यातही नत्थुजींना हसू फुटलं.

त्या दुपारी डॉक्टरांनी वॉर्डात सगळ्या नातेवाइकांना पुन्हा समजावलं. मनकर्णाबाईनं कबूल केलंय म्हटल्यावर आणखी दोघींनी पिशवीतून मुकाट्यानं तेलाच्या बाटल्या काढून दिल्या. नत्थुजींची कळ दोन दिवसांत ओसरली. मग वरून धार न सोडलेला वरणभात त्यांनी मिटक्या मारत खाल्ला, आणि पुढे खड्याचं ऑपरेशन करून ठणठणीत घरी गेले. नोकरीही टिकली. उलट रोग्यांच्या ताटांवर नजर ठेवायचं काम डॉक्टरांनी तिलाच दिलं.

हिवाळ्यात एकदा डॉक्टर कर्मचाऱ्यांच्या पंगतीला बसल्या. ताटात ज्वारीची भाकर आणि भरल्या वांग्याची भाजी. मनकर्णाबाई पळी घेऊन आली. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे हात आडवा धरला. पळी जागीच थांबली आणि परत भांड्यात गेली.

डॉक्टर हात तसाच धरून पाहत राहिल्या. "अवो मावशी, अकोल्याची हाव मी. एक डाव तं आग्रह करा!"

"सही केली हाय म्या," मनकर्णाबाई म्हणाली. "नोको म्हटलं की थांबाचं."

पंगत हसू लागली. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मले तेल पायजे."

तेव्हा कुठं मनकर्णाबाईनं पळी उचलली, काठोकाठ भरली, आणि मनसोक्त तिरपी केली.