पंपावर राहिलेली काकू

काकांकडे पाहुणे जमले की ते हमखास एक किस्सा सांगतात. "बायकोला पंपावर विसरलो, ऐका!" लोक पोट धरून हसतात. तो किस्सा अर्धा आहे. मी त्या गाडीत होते, म्हणून उरलेला अर्धा मला ठाऊक आहे.

काकू गणवेशाच्या कारखान्यात कॉलर जोडायची. बावीस वर्षं एकाच मशीनवर. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. तिची थोरली बहीण सहा तासांवरच्या गावात अंथरुणाला खिळलेली. काकूने चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि काकांना म्हणाली, "अहो, मी बसने जाऊन येते."

"बसने कशाला? आपली व्हॅन काय पूजेला ठेवलीय?" काका फरशीच्या दुकानात मॅनेजर होते आणि दुकानाची जुनी व्हॅन त्यांनी नुकतीच विकत घेतली होती. एकदा व्हॅन निघायची म्हटल्यावर तिची सहल व्हायला वेळ लागला नाही. काकांचे मित्र, रिटायर पोस्टमास्तर, पुढच्या सीटवर आले. मधल्या बाकावर दादा, म्हणजे काकांचा मुलगा, कानात गाणी घालून, आणि त्याच्याशेजारी मी. मी तेव्हा तेरा वर्षांची, सुट्टीसाठी काकांकडे आलेली. जिच्यासाठी निघालो ती काकू शेवटच्या बाकावर, बॅगा, उशा आणि डब्यांच्या गराड्यात.

दोन तासांनी पेट्रोल पंपावर थांबलो. काकू बाथरूमला गेली. पेट्रोल भरून झालं, पोस्टमास्तरांनी कुठलातरी निवडणुकीचा विषय काढला होता, काका त्यांच्यावर तावातावाने ओरडत गाडीत बसले आणि निघाले. मागे वळून कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

थोड्या वेळाने काकांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "हे कर्ज विकणारे जगू देत नाहीत," म्हणाले, आणि फोनच बंद करून टाकला.

पुढे एक धरण लागलं. पोस्टमास्तरांना फोटो काढायचे होते. मी म्हटलं, "काकूला हाक मारू?" काका मायेने म्हणाले, "झोपू दे तिला. पहाटे चारला उठलीय बिचारी, आपल्यासाठी डबा करायला." आम्ही अर्धा तास धरण पाहिलं.

तिथून बऱ्याच पुढे गेल्यावर पोस्टमास्तरांना भूक लागली. "वहिनी, डबा सोडा आता." उत्तर नाही. मी वळून पाहिलं. उशी होती, शाल होती, काकूची पर्स होती, तिचा फोनही होता.

"काका, काकू नाहीये."

काकांनी ब्रेक असा मारला की पोस्टमास्तरांचं कपाळ काचेला लागलं. सगळे खाली उतरलो. काका पांढरेफटक पडले होते, हे खरं आहे. ते तेवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. दादा म्हणाला, "लगेच फिरूया." पोस्टमास्तर म्हणाले, "फिरूच. पण दीड तासाचा रस्ता आहे, रिकाम्या पोटी गाडी चालवणं बरं नाही. दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?" काकांनी घड्याळ पाहिलं. डबा उघडला गेला. ब्रेड आणि उकडलेली अंडी. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही खाल्लं. मिठाची पुडी वेगळी बांधलेली होती, तीही सापडली.

मग परतीच्या वाटेवर टायर फुटला. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. दादा लिफ्ट घेऊन पंक्चरवाल्याला आणायला गेला, त्यात दोन तास गेले. पंपावर पोहोचलो तेव्हा तिथला माणूस आमच्याकडे असं बघत राहिला, की मला गाडीतून उतरवेना.

"त्या ताई? त्या कधीच गेल्या. अर्धा-पाऊण तास इथं स्टुलावर बसल्या होत्या. माझ्या फोनवरून तुम्हाला लावला, तुम्ही कापलात. मग दुधाचा टँकर त्यांच्या बहिणीच्या गावाकडेच निघाला होता, त्यात बसवून दिलं."

आम्ही बहिणीच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. काकू पलंगावर बसून बहिणीचे केस विंचरत होती. आम्हाला पाहून उठली नाही.

भीती उतरली की काकांना राग येतो. "अगं, काही अक्कल? पंपावर थांबायचं ना! जीव टांगणीला लागला होता आमचा!"

"हो का?" काकू म्हणाली. "मी पाहिलं की तुम्हाला. रस्त्याच्या कडेला उभे होतात. ड्रायव्हर म्हणाला, ताई, थांबवू का? म्हटलं, नको, जेवतायत ते."

तिने बहिणीच्या केसांतून पुन्हा कंगवा फिरवला. काका बॅगा आणायला बाहेर गेले. पोस्टमास्तरांनी बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली.

दोन दिवसांनी आम्ही व्हॅनने परतलो. काकू चौथ्या दिवशी बसने आली आणि पाचव्या दिवशी मशीनवर बसली. महिन्याभरात काकांचा किस्सा तयार झाला. त्यात धरण आहे, टायर आहे, पोस्टमास्तरांचं कपाळ आहे. अंडी नाहीत. किस्सा चालू असताना काकू चहाचे कप गोळा करत असते.

त्यानंतर दरवर्षी ती बहिणीकडे एकटी जायची, बसने. एका सुट्टीत मी धीर करून विचारलं, "काकू, मी येऊ तुझ्याबरोबर?"

ती पिशवीची चेन लावत होती. रागावली नव्हती, हेच जास्त लागलं.

"नको गं," म्हणाली. "माझी मी बरी जाते."

मी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेले. खिडकीजवळची जागा मिळाली तिला. बस सुटेपर्यंत ती कंडक्टरशी बोलत होती, आणि चांगली हसत होती.