एकाच पानावर पाच सह्या

ती केस आठवली की अजूनही माझं डोकं तापतं, आणि राग चोरावर येत नाही. मुदतीआधी वर्दी उतरवली, त्याच्या कारणांत ही केस आहे. म्हणून स्पष्ट लिहितो.

इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला एक निवृत्त शिक्षक राहायचे. गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांना नाद एकच. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या सुरुवातीच्या कुलगुरूंच्या सह्या जमवायचा. काही त्यांनी विशीत स्वतः पत्रं लिहून मिळवल्या. बाकीच्या रद्दीच्या गठ्ठ्यांतून, कुणाच्या तरी आजोबांच्या पदवीपत्रावरून.

एके सकाळी तात्या ठाण्यात आले. सह्यांची फाइल कपाटातून गेली होती.

"सह्या? चेकवरच्या का?" ठाणे अंमलदारानं विचारलं.

"कुलगुरूंच्या."

"मग त्यांच्याकडनं दुसऱ्या घ्या की."

"ते वर गेले, बाबा. तू जाऊन आनतोस का?"

सगळं ठाणं हसलं. तात्या हसले नाहीत. मी त्यांना आत बोलावलं.

"सायेब, माझं डोळं चाललंत," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला, वरीसभर दिसंल. तेवढ्यात ती फाइल मला बघायची हाय. चोराला सोडा न्हायतर धरा, फाइल तेवढी द्या."

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली कुठं असते हे घरातल्यांनाच ठाऊक. घरात तात्या, त्यांचा पुतण्या आणि पुतण्याची बायको. पुतण्याला बोलावलं. दोन तास तो एकच वाक्य घोळवत बसला, "आमच्या तात्यांच्या कागदाला मी कशाला हात लावू?" सोडून दिला.

आसपासच्या दुकानांत आम्ही सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी भवानीनगरच्या एका झेरॉक्सवाल्याचा फोन आला. "सायेब, एक जण जुनी पत्रं लॅमिनेशनला टाकून गेलाय. तुमी शोधताय तीच दिसत्यात."

आम्ही पोचलो तेव्हा मशीन तापलेलं होतं. दुकानातल्या पोराला फोनचं ठाऊक नव्हतं, त्यानं पहिलं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलेलं. अजून एक मिनिट गेलं असतं तर पन्नासेक वर्षांपूर्वीची शाई प्लास्टिकला कायमची चिकटली असती. माल न्यायला पुतण्या आला आणि आमच्या समोरच उभा राहिला.

आता मात्र तो भडाभडा बोलला. त्याची बायको बारामतीच्या एका शिक्षणसंस्थेत कित्येक वर्षं कंत्राटावर शिकवत होती. संस्थेचं नवं सभागृह उघडायचं होतं. सचिवांना भिंतीवर लावायला या सह्या हव्या होत्या. तात्यांनी चक्क नाही म्हटलं. मग सचिव पुतण्याला म्हणाले, "तुम्ही आमचं बघा, आम्ही मॅडमचं बघतो." ज्यांचं नावही नीट सांगता येत नाही अशा कुलगुरूंची सही भिंतीला हवी, आणि वर्गात शिकवणारी बाई मात्र कायम कंत्राटी! सचिवांना जबाबाला बोलावलं. ते आले नाहीत, त्यांच्या शुभेच्छांचं कॅलेंडर आलं.

असो. फाइल वाचली, असं मी समजलो. पंचनामा हवालदारावर सोपवून मी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलो. संध्याकाळी त्यानं कागदांची चळत पुढं ठेवली, मी चहा पीत सह्या ठोकल्या.

जप्त मालावर पंचांच्या सह्या घ्यायच्या, ही आमची रीत. चाकू असला तर चिठ्ठी बांधतो. कागद असला तर कागदावरच घेतो. हवालदारानं फाइलमधल्या सगळ्यात वरच्या पत्रावर दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या, स्वतःची केली आणि खाली माझी घेतली. ते पत्र कुलगुरूंनी खुद्द तात्यांना लिहिलेलं होतं.

मला हे आठवड्यानं कळलं. हवालदारावर ओरडलो.

"खाली मोकळी जागा व्हती, सायेब," तो म्हणाला.

पुढं मुद्देमाल परत मिळण्यासाठी तात्यांचा कोर्टात अर्ज. कोर्टानं आमचं म्हणणं मागवलं. ते म्हणणं आमच्याच ठाण्यात, आमच्याच टेबलावर, इतर कागदांखाली पडून राहिलं. आदेश हाती पडला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

तात्या आले ते पुतण्याच्या बायकोचा हात धरून. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, फाइल मांडीवर ठेवली. त्यांनी पहिल्या पत्रावरून बोटं फिरवली.

"कुलगुरूंची सही वर हाय. शाईची, हाताला लागत न्हाय. ही खालची कुनाची? बालपेन असनार. दाबून केलीय."

"पंचांच्या दोन आहेत."

"ही?"

"हवालदारांची."

"आनि ही? सगळ्यात मोठी?"

पुतण्याची बायको माझ्याकडं बघत होती.

"माझी, तात्या."

"वाचून केलीत?"

"नाही."

"त्यांनी माझं पत्र वाचून केली हुती," तात्या म्हणाले आणि फाइल मिटली.

चोरी उघडकीला आली म्हणून ठाण्याला शाबासकी मिळाली होती. मी एवढंच शिकलो की चोरानं जे केलं नव्हतं, ते आम्ही रीतसर केलं. त्या दुपारी मी टेबलावरचा प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. संध्याकाळपर्यंत चळत अर्धीही उतरली नाही. हवालदार दारात घुटमळला.

"सायेब, असं वाचत बसलात तर ठानं बंद पडंल."

"पडू दे," मी म्हणालो आणि पुढचा कागद ओढला.