मागे काहीच येत नाही

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही, आईला कधी कळली नाही, आणि ज्या एका माणसाला ती पुरती कळली त्यानं कधी तोंडातून काढली नाही. तुम्हाला सांगतो आहे. का — ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी तोफेबद्दल बोलू द्या. तिचा विषय निघाला की आजही माझा श्वास भरभर चालतो. फौजेत तिला आरसीएल म्हणत — रिकॉइललेस, म्हणजे डागणाऱ्याला धक्का न देणारी. म्हणायला तोफ, पण दोन माणसं उचलून पळतील एवढी हलकी. एक डागणारा, एक गोळा भरणारा. खांद्यावर घ्या नाहीतर तिपाईवर ठेवा, आणि समोरचा रणगाडा थांबवा. साधी बंदूक उडाली तरी खांद्याला दणका बसतो. मग रणगाडा फोडणारा गोळा सुटल्यावर खांदा जागेवर राहतो कसा? कारण हिची नळी मागूनही उघडी असते. गोळा पुढे जातो, त्याच क्षणी जळता वायू तेवढ्याच जोराने मागे सुटतो. आणि तोफ मधल्यामध्ये शांत. गतीचा तिसरा नियम — पुस्तकात तो नुसती एक ओळ असतो. इथे त्याला आग लागलेली असते.

हे मला कुणी शिकवलं? कॉलेजनं नाही. सदूभाऊनं.

सदूभाऊ भिवापूरला आमच्या शेजारी राहायचा. सातवी शिकून फौजेत गेला आणि आरसीएलवर गोळा भरायला लागला. मी मॅट्रिकला असताना त्याचं पत्र आलं. त्यात पेनानं काढलेली तोफ, मागून निघणाऱ्या ज्वाळा, आणि खाली — "इथं कोनी उभं राह्यलं त मेलंच. काहून, ते तू शिकून मले सांग. साईन्स घे." मी साईन्स घेतलं. आमच्या घरात सही करता येणारा मी पहिला. नागपूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या बाकावर बसलो, तो त्या पत्रामुळे.

मग एकाहत्तरचं युद्ध झालं आणि सदूभाऊ उजवा कान गमावून परत आला. घाईत त्यांनी तोफ लावली ती कालव्याच्या बांधाला पाठ करून. मागे सुटलेली आग बांधावर आपटून उलटी आली. रणगाडा थांबला, सदूभाऊची मान भाजली, कान कायमचा गेला. फौजेच्या कागदावर नुसतं 'कान निकामी' लिहिलेलं, कशानं ते नाही. गावात कुणीतरी पिल्लू सोडलं, की हा लढाईत नव्हताच, लंगरात स्वयंपाकी होता, मानेवर कढईतलं तेल उडालं. "काय गा लंगर, आज भाजी कायची?" पोरं विचारायची. तोही हसायचा. पण नामदेवकाकांच्या शोभाशी त्याचं लग्न ठरत आलं होतं, आणि काकांना हसू येत नव्हतं. बहिरा जावई त्यांना चालणार होता. खोटारडा नको होता.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला कस्तुरचंद पार्कवर युद्धातल्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं. आरसीएलजवळचा हवालदार पंजाबी. मराठीत समजावायला एनसीसीतून मला उभं केलं. त्यानं बजावलं होतं, "पीछे का खतरा पहले बताना, बेटा." पहिल्या खेपेला मी सांगितलं. लोक मागे सरकले, पांगले. मग मला सुचलं — नळीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा. "डागली तरी थेंब सांडणार नाही!" गर्दी पुढे आली. दुसऱ्या खेपेला मी धोका गाळला. तिसऱ्या खेपेला एका फेटेवाल्या बुवांना थेट नळीमागे उभं केलं आणि म्हणालो, "घाबरू नका, मागे काहीच येत नाही."

टाळ्या पडल्या. तुमच्यासाठी कधी पडल्या आहेत? पाय जमिनीला लागत नाहीत. आमच्या एनसीसीच्या सरांनी पाठ थोपटली. म्हणाले, "उद्या कलेक्टरसाहेब येतायत. त्यांना तूच सांगायचं." कलेक्टरला. मी. मी तेच वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवत होतो.

हवालदार जेवायला गेला होता तेव्हा भिवापूरची माणसं आली. मिरची घेऊन छोट्या लाईनच्या गाडीनं इतवारी स्टेशनला उतरली होती. सदूभाऊनं नामदेवकाकांना मुद्दाम आणलं होतं. तोफही इथे, आणि समजावणाराही आपल्या आळीतला — आणखी काय हवं? तो काकांना म्हणत होता, मला ऐकू आलं — "माह्यावर नका ठेवू भरोसा. तो शिकला हाय, त्याले इचारा."

मी पेला ठेवत होतो. सर शेजारीच होते. सदूभाऊ हसत ओरडला, "मागची आग सांग ना गा, पेला काय दाखवून राह्यला!"

लोक हसले. माझं तोंड तापलं. सातवी शिकलेला माणूस मला — सरांसमोर!

काका कठड्याशी आले. "बाबू, तू कालेजात हाय. खरं सांग. या तोफीनं गोळा भरनाऱ्याचा कान जाऊ शकते का?"

हो म्हणायचं तर सकाळपासूनचं सगळं खोटं होतं, असंही म्हणावं लागणार. उद्याचे कलेक्टर जाणार.

"नाही काका," मी म्हणालो. "हिला धक्काच नाही. मागे काहीच येत नाही."

हो. हेच ते. मला माहीत नव्हतं असं समजू नका. ते चित्र माझ्या ट्रंकेत होतं.

लग्न मोडलं. शोभाचं दुसरीकडे झालं. सदूभाऊचं झालंच नाही. 'लंगर' हे त्याचं नाव पडलं ते पडलंच. मी बीएस्सी झालो तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला, आईला म्हणाला, "आपल्या आळीतला पयला." मग माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. काका पुढे कितीतरी वर्षं जगले. दर दिवाळीला मी त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

पण मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

काकांना मी उत्तर दिलं तेव्हा गर्दीचा गोंगाट होता, आणि सदूभाऊचा गेलेला कान माझ्या बाजूला होता. त्याला ऐकूच आलं नव्हतं. काका मान खाली घालून वळले, एवढंच त्याला दिसलं. माणसांना बाजूला सारत तो पुढे आला, कठड्यावरून वाकला, आणि डावा कान माझ्यापुढे धरला. तोंडावर हसू तसंच होतं.

"काय सांगतलं गा? मले आयकूच नाही आलं."

तोंड त्याच्या चांगल्या कानाजवळ नेऊन मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून — त्याला नीट ऐकू जावं म्हणून.