कडुनिंबाच्या फळीसाठी मशीन लांब केलं

मंडळी, आज लई समाधान वाटतंय!

लाकूड कोरायच्या माझ्या हौसेच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर जेमतेम दीड फुटाची फळी मावायची. येरमाळ्यातल्या आमच्या दारातला कडुनिंब वादळात पडला. त्याच्या तीन फुटी फळीवर आईला नव्या दारासाठी वेल हवी होती, तीही अखंड.

म्हणून आज मशीनला लांब रेल, म्हणजे कोरणारं टोक ज्यावर सरकतं त्या पट्ट्या, बसवल्या. आधी प्लायवर गोल कोरून बघितला, तर तो अंड्यासारखा आला!

बायको म्हणाली, "अहो, आईंची एकच फळी हाय. नासली तर?"

एक रेल तिरकी बसली होती. ती सरळ केली. पुढचा गोल बरोबर उमटला. मग धीर करून फळी लावली.

संध्याकाळी कोरलेल्या वेलीवरून हात फिरवत आई म्हणाली, "झाड गेलं न्हाय रं आपलं."

तुमच्याकडं असं राखून ठेवलेलं लाकूड हाय का? त्याचं काय करायचं ठरवलंय?